लातूरखोलीचा पहिला नंबर

"मॅडम, स्पष्टच सांगतो. तुमच्या साइटची किंमत शून्य आहे," तेजस रानवडे म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "जाहिराती नाहीत, कमाई नाही, नावाचा ट्रेडमार्क घेतलेला नाही. उद्या गूगलनं काही बदललं तर तुम्ही पहिल्या पानावरून थेट दहाव्या पानावर. मग काय राहतं तुमच्याकडे? नुसतं एक नाव."

"मग ते नुसतं नाव घ्यायला पुण्याहून इतक्या उन्हात कशाला आलात?" मी विचारलं.

तो हसला नाही. टेबलाच्या पलीकडे मन्मथआप्पा उजळंबे बसले होते. त्यांच्या गर्ल्स हॉस्टेलचं ऑफिस होतं ते. वर चार मजले, दरवर्षी गच्च भरणारे. लातुरात मे महिन्यात असं हॉस्टेल म्हणजे दुभती म्हैस. निकाल लागला की नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, सगळीकडून आईबाप डॉक्टर व्हायला निघालेल्या लेकींना घेऊन इथं उतरतात आणि उतरायच्या आधी फोनवर खोली शोधतात. शोधलं की सगळ्यात वर आमची साइट यायची. लातूरखोली डॉट इन.

आप्पांनी तेजसला पुण्याहून बोलावलं होतं ते वेबसाइटचा जाणकार म्हणून, आमच्याशी भाव करायला. आमच्या बाजूला मी आणि माझा मामेभाऊ शिवहार.

माझी लेक मृण्मयी अकरावीला लातुरात आली तेव्हा आम्ही एका हॉस्टेलात फसलो होतो. फोटोत संगमरवर, प्रत्यक्षात गळकी भिंत आणि एका बादलीत दोघींची आंघोळ. शेवटी मी उदगीरचं घर नवऱ्याच्या हवाली करून लेकीसोबत खोली घेऊन राहिले. ती क्लासला गेली की दिवस खायला उठायचा. म्हणून मी हॉस्टेलं बघत फिरायला लागले. पाणी किती वाजता येतं, जेवणात काय असतं, वॉर्डन रात्री हजर असते का, हे सगळं लिहायचे. शिवहारचं औसा रोडला कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्यानं नाव विकत घेतलं, साइट उभी केली. मी लिहायचे, तो चढवायचा. एका वर्तमानपत्रानं आमच्यावर लिहिलं, दोन-चार शाळांनी त्यांच्या पानांवर आमचा पत्ता दिला, आणि बघता बघता आम्ही वर गेलो.

"किंमत शून्य कशी?" शिवहार तेजसला म्हणाला. "नावातच गाव आहे, नावातच खोली आहे. साइट जुनी आहे. लोक येऊन पाच-पाच मिनिटं वाचतात. असं नाव आता कुणाला मिळायचं नाही."

"मान्य. पण लोक नावासाठी येत नाहीत, मॅडमच्या लिहिण्यासाठी येतात," तेजस म्हणाला. "लिंक पण त्या लिहिण्यालाच मिळाल्यात. मालक बदलला, मजकूर बदलला, की सहा महिन्यांत घसरगुंडी. हे मी आप्पांनाही सांगितलंय. त्यामुळं भाव करताना मी नंबराचे पैसे लावणार नाही."

"म्हणजे आप्पांनी घेतली तरी ती पहिल्या नंबरावर राहणार नाही, हे तुम्हीच म्हणताय," मी म्हणाले. "मग आप्पा घेतात कशाला?"

तेजसनं आप्पांकडे बघितलं.

"ते आमचं आम्ही बघू," आप्पा पहिल्यांदाच बोलले. "बाई, तुम्ही विकायला आलाव का चौकशी करायला?"

"मी विकायला आलेच नाही. हा घेऊन आला."

"मग ह्याच्याशी बोलतो मी." आप्पांनी खुर्ची शिवहारकडे वळवली, माझ्याकडे पाठ होईल इतकी. आकडा सांगितला. औसा रोडच्या दुकानाचं थकलेलं भाडं भागून नव्या दुकानाची पागडी निघेल, असा आकडा होता. शिवहारचे कान लाल झाले. "पण जुनं सगळं पाहिजे. पानं, फोटो, लोकांनी लिहिलेलं. आणि ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांचे फोन नंबर."

तेव्हा मला उमगलं.

आमच्याकडे कुणीही आपला अनुभव लिहू शकायचं, पण फोन नंबर द्यावा लागायचा. तो साइटवर दिसायचा नाही. मी स्वतः फोन करून माणूस खरा आहे का ते बघायचे, नाहीतर एक हॉस्टेलवाला दुसऱ्याच्या नावानं शिमगा करायचा. उजळंबे हॉस्टेलच्या पानावर हिवाळ्यात कुणीतरी लिहिलं होतं, की जिन्यावरच्या लोखंडी जाळीला रात्री बाहेरून कुलूप असतं, किल्ली वॉचमनकडे असते आणि वॉचमन जागेवर नसतो. एकदा मीटरच्या बोर्डानं पेट घेतला आणि धूर जिन्यात भरला तेव्हा मुली जाळीमागं अडकल्या होत्या. मी त्या नंबरवर फोन केला होता. बाईचा आवाज होता. "मी तिथंच राहते. डोळ्यानं बघितलंय. नाव विचारू नका," एवढंच बोलली. मला वाटलं, मेसमधली स्वयंपाकीण असेल. आवाजात खोट नव्हती. मी ते छापलं.

"नंबर मिळणार नाहीत," मी म्हणाले आणि उठले.

बाहेर गाडीपाशी शिवहार माझ्यावर तुटून पडला.

"नंदाताई, तुझं काय जातंय? तुझी पोरगी गेल्या वर्षीच लागली मेडिकलला. तू उद्या उदगीरला जाशील. माझं दुकान या महिन्यात खाली करायचंय!"

"त्यांना साइट नकोय, शिवहार. त्यांना ती बाई पाहिजे."

"असेल. मग?"

"मग तिला काय करतील?"

"काढून टाकतील. दुसरीकडं पोळ्या लाटील. लातुरात मेस कमी आहेत का?"

"मी नाही म्हणते."

त्यानं गाडीला किल्ली लावली. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "डोमेन माझ्या नावावर आहे. दरवर्षी पैसे मी भरतो. तुला विचारतोय ते बहीण म्हणून."

"आणि संडासाची दारं उघडून कोण बघतंय? जळक्या पोळ्या कोण खाऊन बघतंय? तू?"

"त्याला बाजारात किंमत नाही, ताई. आताच ऐकलंस ना." त्यानं गाडीला किक मारली आणि मला तिथंच रस्त्यावर सोडून गेला.

घरी येऊन मी त्या बाईला फोन लावला. तिनं कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. शेवटी मेसेज टाकला, "तुमचा नंबर मागत आहेत. मी दिलेला नाही. सांभाळून राहा." तिनं वाचला, उत्तर दिलं नाही.

दुसरी बैठक आप्पांच्या घरी ठरली, हॉस्टेलला लागून असलेल्या बंगलीत. मी जाणारच नव्हते. पण मी गेले नाही तर शिवहार एकटा जाईल हे कळत होतं, म्हणून गेले. दिवाणखान्यात कूलर घरघरत होता. तेजस कडेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता आणि परवापेक्षा गप्प होता. आप्पांनी मला शेजारच्या सोफ्यावर बसायला सांगितलं. या वेळी पाठ केली नाही.

"आकडा वाढवलाय मी," ते म्हणाले. "आता मागं-पुढं नको. नाव सांगा, नंबर द्या, सही करा."

"साइट घ्यायची तर घ्या. नंबर मी पुसून देणार."

"तुम्ही लई ताणायलाव, बाई."

"तुम्ही जाळीचं कुलूप काढलंत तर मी आजच तसं लिहिते. फुकट लिहिते. त्याला साइट विकत घ्यायची गरज नाही."

आप्पांचा चेहरा रागानं लाल झाला. "माझ्या हॉस्टेलात कुलूप लावायचं का नाही हे तुम्ही सांगणार? दुसऱ्याच्या पोरी संभाळतो मी. रात्री एखादी पोरगी बाहेर गेली, काही बरंवाईट झालं, तर तिचा बाप तुमच्याकडं येणार आहे का माझ्याकडं? माझ्याच घरचं मीठ खाऊन कुणीतरी माझ्याच नावानं बोंब मारली आणि तुम्ही ती गावोगाव पोचवली. या वर्षी निम्म्या खोल्यांची चौकशीसुद्धा नाही. फोन करतात ते आधी जाळीचं विचारतात!"

"विचारणारच."

"बदनामीची केस टाकीन. तुमची पोरगी कोणत्या कॉलेजात आहे ते ठाऊक आहे मला."

"आप्पा, मुलीचं नाव काढू नका," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "माझ्यावर काय टाकायचं ते टाका."

आतून त्यांची सून चहा घेऊन आली. तिशीची असेल, डोक्यावरचा पदर नीट, चेहरा थकलेला. तिचा नवरा पुण्याला नोकरीला होता. हॉस्टेलची मेस आणि मुलींचं हवं-नको ती बघते, एवढं मला फिरताना कळलं होतं. तिच्याशी बोलणं कधी झालं नव्हतं. ती ट्रे घेऊन दारातच थबकली, कारण नेमका तेव्हा शिवहार बोलला.

"आप्पा, केस-बिस कशाला? माझ्याकडं आहे ना नंबर." त्यानं खिशातून मोबाइल काढला. "साइटच्या आतलं सगळं मला दिसतं. ताईच्या परवानगीची गरज नाही."

"शिवहार!" मी उठले आणि त्याच्या हातातला मोबाइल ओढायला गेले. त्यानं हात वर केला, लहानपणी करायचा तसा, आणि मोठ्यानं आकडे वाचायला लागला. मी त्याच्या दंडावर फटका मारला. तरी तो वाचतच होता. आप्पा आपल्या मोबाइलवर एकेक आकडा दाबत होते, बोट जड होतं त्यांचं, ओठ हलत होते.

शेवटचा आकडा दाबला आणि त्यांचं बोट तसंच राहिलं.

मी त्यांच्या अगदी शेजारी उभी होते. मला स्क्रीन दिसला. नंबर त्यांच्याकडे आधीच जपून ठेवलेला होता, त्यामुळं खाली नाव आलं होतं. सूनबाई.

आप्पांनी मोबाइल मांडीवर पालथा टाकला.

"चुकीचा नंबर आहे," ते म्हणाले.

"नाही हो आप्पा, पुन्हा सांगतो..."

"चुकीचा आहे म्हटलं ना!" ते इतक्या जोरात ओरडले की शिवहार मागं सरकला. "रानवडे, आवरा तुमचं. काही घ्यायचं नाही मला. उठा सगळे."

मी दाराकडे बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही. तेजस लॅपटॉप बंद करायला लागला. एवढ्यात ट्रे टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"नंबर बरोबर आहे, आप्पा," सून म्हणाली.

"शिवलीला, आत जा."

"जाते. पण नंबर बरोबर आहे. मीच लिहिलं."

"आत जा म्हटलं मी!"

"त्या दिवशी बोर्ड पेटला तेव्हा वॉचमन जेवायला गेला होता. तुम्ही पंगतीला गेला होता. वरून पोरी काकू, काकू म्हणून ओरडत होत्या. मी दगडानं कुलूप ठेचत होते, ते तुटत नव्हतं. शेजारच्या वायरमनच्या पोरानं वायर तोडली म्हणून वाचल्या. दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं. म्हणालात, काही झालं का? नाही ना? मग बाहेर बोलायचं नाही. कुलूप नवीन आणलं. पहिल्यापेक्षा मोठं."

"घराची अब्रू..."

"किती वेळा सांगितलं मी तुम्हाला! ह्यांना फोनवर सांगितलं. तुमच्या पाया पडून सांगितलं. ऐकलं का कुणी? नांदेडचे, परभणीचे लोक फोनवर वाचायला लागले, सगळ्यात वर दिसायला लागलं, तेव्हा तुम्हाला ऐकू आलं."

आप्पांनी मांडीवरचा मोबाइल उचलला, सदऱ्याच्या खिशात ठेवला, पुन्हा काढला. मग आमच्याकडे न बघता आतल्या खोलीत निघून गेले. शिवलीला तिथंच उभी होती. मी तिच्याकडे एक पाऊल टाकलं.

"तुम्ही जावा," ती म्हणाली. "आता जावा."

बाहेर आल्यावर शिवहार कुणाशी न बोलता निघून गेला. तेजस रिक्षाची वाट बघत उभा होता. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, त्यांना काय पाहिजे होतं ते?"

"मला पहिल्या दिवशीच कळलं," तो म्हणाला. "मी त्यांना आकडे काढून दाखवले होते. तुमच्या साइटवर बाहेरून ज्या लिंक येतात त्यातल्या बहुतेक त्या एका पानावर येतात. लोकांनी ते पान एकमेकांना पाठवलं, पेपरनं त्याचाच उल्लेख केला. बाकीची साइट त्या पानाच्या जोरावर वर आहे. मी म्हणालो, आप्पा, हे पान काढलंत तर तुम्ही रिकामा डबा विकत घेणार. ते म्हणाले, चालेल, डबा रिकामाच द्या."

"आणि तरी तुम्ही आम्हाला शून्य म्हणालात."

"भाव करत होतो, मॅडम. ते माझं काम आहे." रिक्षा आली. बसता बसता तो म्हणाला, "यात मला एक रुपया मिळणार नाही, हे तरी लक्षात ठेवा."

मला त्याच्याबद्दल काडीचंही वाईट वाटलं नाही.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी साइट उघडली तर माझं एकही अक्षर तिथं नव्हतं. गुलाबी रंग, हसणाऱ्या मुलींचे कुठले तरी फोटो, वर उजळंबे गर्ल्स हॉस्टेल. शिवहारनं मला न सांगता सौदा उरकला होता; आप्पांना आता नंबर नको होते, ते पान तेवढं पुसायचं होतं. माझा वाटा म्हणून त्यानं पैसे पाठवले. मी परत पाठवले. त्यानं पुन्हा पाठवले नाहीत. त्याचं नवं दुकान चांगलं चालतं असं ऐकते. त्याच्या लेकीच्या बारशाला मी गेले, पाळण्यात आंगडं ठेवलं, मामीला भेटले आणि त्याच्याशी न बोलता परत आले. आजही बोलत नाही.

आप्पांनी विकत घेतलेली साइट तेजसनं सांगितलं तशीच घसरली. पुढच्या उन्हाळ्यात मी शोधली तेव्हा कितीतरी पानं उलटूनही सापडली नाही. मी दुसऱ्या नावानं नवी काढली. चांगलं नाव शिल्लक नव्हतं. जे मिळालं ते लांबलचक आणि कुणाच्या लक्षात न राहणारं. तीही कुठंच दिसत नव्हती. पहिलं वर्षभर माझी मीच ती वाचत होते म्हटलं तरी चालेल.

पण शिवलीला आली ती त्याच जूनमध्ये, नव्या साइटवर मी एक पानही लिहिलं नव्हतं तेव्हा. भर दुपारी तिनं माझ्या खोलीचं दार वाजवलं. पत्ता कुठून मिळाला ते सांगितलं नाही. बसा म्हटलं तर बसली नाही.

"तुम्ही माझा नंबर ठेवला कशाला होता?" तिनं उभ्यानंच विचारलं.

"खोटं कुणी लिहू नये म्हणून. सगळ्यांचाच..."

"फोन करून खात्री केली ना? मग पुसायचा होता! नाव विचारू नका म्हणाले होते मी तुम्हाला. नाव विचारलं नाहीत, पण नंबर ठेवलात. त्या भावाच्या हातात ठेवलात."

"माझंच चुकलं," मी म्हणाले.

"ते ऐकायला नाही आले मी." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "तुम्ही घरी आला होतात त्याच दिवशी संध्याकाळी आप्पांनी स्वतः कुलूप काढलं. माझ्याशी एक शब्द न बोलता. दुसऱ्या दिवशी मिस्त्री बोलावून मागच्या बाजूनं दार पाडलं. तेव्हापासून माझ्या हातचं जेवत नाहीत. स्वयंपाकीण ताट नेऊन देते. हे म्हणतात, माफी माग, मिटवून टाक."

"मागितलीत?"

"कशाची?"

आता ती बसली. पाणी दिलं ते सगळं प्यायली. खिडकीबाहेर क्लासच्या सायकली जात होत्या. मग म्हणाली, "तुमचं ते पान गेलं. मी बघितलं. आता तिथं फुलं आहेत."

"हो."

"नवीन काढणार आहात का?"

"काढणार. पण ती वर यायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही. येईलच असंही नाही. पहिल्यासारखं कुणी वाचणार नाही."

"आमच्यासारखी आणखी हॉस्टेलं आहेत. मागच्या गल्लीत दोन आहेत, तिथंही जाळ्या आहेत. मी बघून आले." ती पुढं सरकली. "लिहा. पहिलं माझं लिहा."

मी लॅपटॉप उघडला. "नाव काय घालू? म्हणजे, एक रहिवासी असं..."

"शिवलीला मल्लिकार्जुन उजळंबे. हॉस्टेलचं नाव पण घाला. आणि आता कुलूप काढलंय, मागं दार केलंय, ते पण लिहा. तेही खरं आहे."

"घरी कळेल."

"कळू दे की. आता राहिलंय काय कळायचं?"

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. बोर्ड, धूर, वॉचमन, दगड, नवं कुलूप, मग मागचं दार. पुरं झाल्यावर मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिनं ओठ हलवत सगळं वाचलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथं चुकलं."

तिथं मी लिहिलं होतं, 'मुली खूप घाबरल्या होत्या.'

"मुली नाही," ती म्हणाली. "आम्ही लिहा."